डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली, असं नाही

अपघातानंतर दोन-तीन आठवड्यांनी आयसीयूच्या दारात निरोप येतो, ‘पेशंटने डोळे उघडले.’ लगेच गावाकडे फोन जातात, देवापुढे नारळ फुटतो. आत जाऊन बघावं तर डोळे उघडे, पण नजर छताला लागलेली. हाक मारली तरी वळत नाही. हात हातात घेतला की बोटं घट्ट मिटतात, म्हणून आईला वाटतं पोराने ओळखलं. सिस्टर म्हणतात, ‘तो रिफ्लेक्स आहे’, म्हणजे आपोआप होणारी हालचाल. डॉक्टर म्हणतात, ‘आत्ताच काही सांगता येणार नाही.’ तिथून पुढे घरच्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहतो: याला कळतंय की नाही?

हे समजून घ्यायचं तर आधी जाग आणि भान वेगळं करावं लागतं. एरवी दोन्ही बरोबरच येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. जाग म्हणजे डोळे उघडणं, झोप-जागेचं चक्र चालू असणं. हे काम मेंदूच्या तळाशी असलेला ब्रेनस्टेम करतो. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांना जोडणारा हा जेमतेम अंगठ्याएवढा भाग. त्यातल्या पेशींच्या जाळ्यातून वरच्या मेंदूला सतत उत्तेजना मिळते, हे मोरुझ्झी आणि मॅगून यांनी 1949 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. भान म्हणजे स्वतःची आणि आजूबाजूची जाणीव. त्यासाठी वरचा मेंदू, त्याच्या मधोमध असलेला थॅलॅमस आणि या दोघांना जोडणारे लाखो तंतू शाबूत असावे लागतात. घराचा मेन स्विच चालू झाला तरी आतलं वायरिंग जळलेलं असेल तर दिवे लागत नाहीत, तसं इथे होतं. ब्रेनस्टेम सावरतो, डोळे उघडतात. वरचा मेंदू किती सावरला, ते डोळे उघडण्यावरून कळत नाही.

मेंदूला नेमकं काय होतं

मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण 20 टक्के एकटा वापरतो, आणि साठा काहीच ठेवत नाही. रक्तपुरवठा थांबला तर दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात. हृदय बंद पडणं, बुडणं, गळफास यांत असंच होतं. अशी इजा सगळ्या मेंदूभर पसरते आणि वरच्या मेंदूच्या पेशींना आधी मारते. ब्रेनस्टेम त्यामानाने चिवट असतो. म्हणूनच अशा पेशंटमध्ये जाग परत येते पण भान परतत नाही, हे जास्त दिसतं.

डोक्याला मार लागतो तेव्हा गोष्ट वेगळी असते. कवटीच्या आत रक्ताची गाठ होते, मेंदूला सूज येते, आणि कवटी पसरत नसल्याने आतला दाब वाढतो. मोठ्या माणसात हा दाब पाऱ्याच्या 15 मिलिमीटरपर्यंत असतो. 22 च्या वर टिकून राहिला तर तो उतरवण्याचे उपचार करावे लागतात. औषधांनी उतरला नाही तर सर्जन कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. तो पोटाच्या कातडीखाली किंवा डीप फ्रीझरमध्ये जपतात आणि सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात.

कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामधल्या गाठीत एक फसवा प्रकार दिसतो. माणूस गाडीवरून पडतो, पाच मिनिटं बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, चहा घेतो. तासा-दोन तासांनी डोकं ठणकतं, उलटी होते, झोप येते आणि मग हाकेला ओ देत नाही. मधल्या काळात रक्त साचत असतं. ही गाठ वेळेत काढली तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून डोक्याला मार लागून काही क्षण का होईना बेशुद्ध झालेल्याला ‘आता ठीक आहे’ म्हणून झोपवून ठेवू नये. 108 ला फोन करावा आणि सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं.

उलट प्रकारही असतो. सिटी स्कॅन जवळजवळ नॉर्मल, आणि पेशंट मात्र महिनाभर बेशुद्ध. वेगात जाणारं डोकं एकदम थांबतं किंवा गरकन फिरतं तेव्हा मेंदूतले लांब तंतू ताणून तुटतात. हे सिटीत फारसं दिसत नाही, एमआरआयमध्ये बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. ‘रिपोर्ट तर चांगला आहे, मग उठत का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

फाइलमधला तो आकडा

आयसीयूत रोज ‘जीसीएस’, म्हणजे शुद्ध किती आहे ते सांगणारा ‘ग्लासगो कोमा स्केल’चा आकडा, लिहिलेला असतो. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 मध्ये ही मोजणी मांडली. डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6 गुण. कमीत कमी बेरीज 3, जास्तीत जास्त 15. बेरीज 8 किंवा कमी म्हणजे इजा गंभीर. घशात नळी असेल तर बोलणं तपासताच येत नाही, तिथे आकड्याऐवजी ‘टी’ लिहितात.

नातेवाईक बेरीज विचारतात. खरं तर हालचालीचा आकडा, म्हणजे ‘एम’, विचारावा. 6 म्हणजे सांगितलेलं करतो. 5 म्हणजे दुखवलं तर तिथपर्यंत हात नेतो. 4 म्हणजे नुसता हात मागे ओढतो. 3 मध्ये हात विचित्र आखडतात, 2 मध्ये ताठ होतात, 1 म्हणजे काहीच नाही. काल ‘एम’ 4 होता आणि आज 5 झाला, तर बेरीज एकानेच वाढते, पण मेंदूच्या दृष्टीने ती मोठी मजल असते. डोळ्यांचा आकडा 2 वरून 4 झाला तर बेरीज दोनने वाढते, पण त्याने नुसती जाग आल्याचं कळतं.

कोमा आणि त्यानंतर

आपल्याकडे सगळ्याच बेशुद्धांना ‘कोमात आहे’ म्हणतात. खऱ्या कोमात डोळे मिटलेले असतात, कितीही दुखवलं तरी उघडत नाहीत, झोप-जाग असं चक्रच नसतं. ही अवस्था साधारण दोन ते चार आठवड्यांच्या पुढे जात नाही. तोवर पेशंट एकतर दगावतो, किंवा सावरतो, किंवा पुढच्या अवस्थेत जातो.

ती पुढची अवस्था म्हणजे जाग आहे, भान नाही. जेनेट आणि प्लम यांनी 1972 मध्ये तिला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ म्हटलं. ऐकायला ते अपमानास्पद वाटतं म्हणून 2010 पासून ‘जागा पण प्रतिसादहीन’ अशा अर्थाचं ‘यूडब्ल्यूएस’ हे लघुरूप वापरात आलं. फाइलमध्ये दोन्हींपैकी काहीही सापडेल. या अवस्थेत पेशंट जांभया देतो, दात खातो, कण्हतो, मोठा आवाज झाला की दचकतो. डोळ्यांतून पाणी येतं, मध्येच हसल्यासारखा चेहरा होतो. तळहाताला काही लागलं की मूठ मिटते. तान्ह्या बाळातही ती अशीच मिटते. हे सगळं ब्रेनस्टेम आणि खालची यंत्रणा एकट्याने करू शकते.

त्याच्या वरची पायरी ‘मिनिमली कॉन्शस स्टेट’, म्हणजे किमान जाणिवेची. तिचे निकष 2002 मध्ये ठरले. इथे भान असतं, पण तुटक. सकाळी दिसतं, दुपारी नाहीसं होतं. तिच्यातही दोन पातळ्या मानतात. खालच्या पातळीवर नजर वस्तूचा पाठलाग करते, दुखतं तिथे हात जातो, मुलीच्या आवाजाने रडू येतं पण इतर आवाजाने येत नाही. वरच्या पातळीवर सांगितलेलं कधीकधी केलं जातं, एखादा समजेलसा शब्द निघतो. या अवस्थेतून बाहेर आला कधी म्हणायचं, तर साध्या प्रश्नांना हो-नाही अशी अचूक उत्तरं देता आली किंवा दोन वस्तू योग्य रीतीने वापरता आल्या, म्हणजे कंगवा डोक्याला आणि चमचा तोंडाला नेला, की मग. त्यानंतरही बरेच दिवस गोंधळ, चिडचिड, शिव्या, नळ्या उपटणं चालतं. घरचे घाबरतात. तो बरं होण्याच्या वाटेवरचा टप्पा असतो.

ब्रेनडेड ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. त्यात ब्रेनस्टेमसकट मेंदू कायमचा बंद झालेला असतो, श्वास फक्त व्हेंटिलेटर देतो. भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून ते ठरवतं. हृदय धडधडत असलं तरी कायद्याने तो मृत्यू असतो. मज्जारज्जूतून एखादं बोट हलू शकतं, त्याचा अर्थ मेंदू जिवंत आहे असा नाही. ‘व्हेजिटेटिव्ह’ पेशंट मात्र स्वतःचा श्वास घेतो आणि जिवंत असतो. या दोन्हींची गल्लत केल्याने घरांत जन्मभराचे वाद झालेले आहेत.

कळतंय का, हे तपासायचं कसं

प्रतिसादहीन म्हणून शिक्का बसलेल्या पेशंटपैकी सुमारे 40 टक्के लोकांमध्ये काळजीपूर्वक तपासल्यावर जाणिवेच्या खुणा सापडतात, असं 2009 मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं. इंग्लंडमध्ये 1996 मध्येही जवळपास तसंच दिसलं होतं. त्यात डॉक्टरांचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. राउंडच्या तीन मिनिटांत पेशंट झोपेत असतो, कफाने बेजार असतो किंवा झोपेच्या औषधाखाली असतो. त्याला मराठीशिवाय काही कळत नाही आणि सूचना दिल्या जातात इंग्रजीत किंवा हिंदीत.

शास्त्रशुद्ध तपासणीसाठी ‘सीआरएस-आर’ ही मोजणी वापरतात. ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंडाची हालचाल, संवाद आणि जागेपण असे सहा विभाग, एकूण 23 गुण. ती एकदा करून भागत नाही. दोन आठवड्यांच्या आत निदान पाच वेळा केली तर चूक बरीच कमी होते, हे 2017 मध्ये दाखवलं गेलं. रुग्णालयात ही कोणी करत नसेल तर न्यूरो-रिहॅबच्या, म्हणजे मेंदूच्या पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडे आग्रहाने मागावी.

घरच्यांना यातलं बरंच करता येतं, आणि दिवसभर तेच जवळ असतात. मात्र पद्धत पाळावी लागते. वेळ आधी निवडावी: कफ काढून झालेला, पोट फार भरलेलं नाही, झोप झालेली, पाठ टेकवून बसवलेलं. चष्मा असेल तर तो लावावा, कानाचं यंत्र असेल तर तेही. टीव्ही बंद. एका वेळी एकाच माणसाने बोलावं आणि घरी ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने मारावी.

पहिली तपासणी आरशाची. बऱ्याच पेशंटमध्ये भान परतल्याची पहिली खूण नजरेत दिसते, आणि माणसाचे डोळे स्वतःच्या चेहऱ्यामागे लवकर जातात. तळहाताएवढा आरसा तोंडासमोर 10-15 सेंटिमीटरवर धरायचा, त्याचा चेहरा त्यात दिसेल असा. मग सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्यायचा. नजर न तुटता आरशामागे जाते का पाहायचं. हलणाऱ्या हातामागे किंवा मोबाइलच्या उजेडामागे नजर गेली तर ती खात्री तितकी पक्की नसते.

दुसरी तपासणी सूचनेची. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ‘हात दाब’ सांगू नका, कारण तळहाताला तुमचा हात लागला की मूठ आपोआप मिटते. ‘डोळे मीट’ही नको, पापण्या मिनिटाला दहा-पंधरा वेळा तशाही लवतात. ‘अंगठा वर कर’, ‘जीभ बाहेर काढ’ असं काहीतरी निवडा, जे आपोआप होत नाही पण त्याला करणं शक्य आहे. मूठ मिटलेलीच असेल तर ‘आता हात सोड’ ही सूचना फार चांगली, कारण सोडणं रिफ्लेक्सने होत नाही. आधी एक मिनिट काहीही न बोलता पाहायचं की ती हालचाल आपोआप किती वेळा होते. मग सूचना द्यायची आणि 10 सेकंद गप्प राहायचं. चार वेळा सांगून तीन वेळा जमलं तर ते महत्त्वाचं. एकदाच जमलं तर नोंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. आपण फार घाई करतो. सूचना दिल्यावर दोन सेकंदांत पुन्हा तीच सूचना मोठ्याने देतो, आणि सावकाश उत्तर देणाऱ्या मेंदूला संधीच मिळत नाही.

जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, सूचनेचा आवाज त्यात येईल असा. ‘काल त्याने हात हलवला’ या वाक्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत; तारीख, वेळ, सूचना आणि चारपैकी किती वेळा, एवढं लिहिलेलं असेल तर ठरवू शकतात. वहीत न जमलेले दिवसही लिहा.

वरपासून खालपर्यंत लुळा पडलेला, बोलता न येणारा, पण पूर्ण शुद्धीत असलेला पेशंटही असतो. ब्रेनस्टेमच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी धमनी बंद पडली की असं होतं. त्याला ‘लॉक्ड-इन’ म्हणतात. यात बहुतेकदा फक्त डोळे वर-खाली करणं आणि पापण्या मिटणं शिल्लक राहतं. म्हणून प्रतिसादहीन वाटणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी ‘वर बघा, खाली बघा’ सांगून पाहिलंच पाहिजे.

अशा पेशंटशी बोलायला मराठी वर्णमाला फार सोयीची आहे, कारण तिचे वर्ग आधीच पाडलेले आहेत. पुठ्ठ्यावर ओळी लिहा: स्वरांची एक, मग क, च, ट, त, प यांच्या पाच, मग य-र-ल-व आणि शेवटी श-ष-स-ह-ळ. मदतनीस ओळीचं पहिलं अक्षर सावकाश म्हणत जातो. हवी ती ओळ आली की पेशंट वर बघतो. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. ‘पाणी’साठी पाचव्या वर्गावर नजर वर, मग प वर नजर वर, मग काना आहे का ते विचारायचं. दोन अक्षरांत शब्द ओळखू येतो, पण ‘पाणी म्हणायचंय का?’ असं विचारून खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाठ, पाय आणि पाणी तिन्ही प-ने सुरू होतात, आणि पाठ दुखत असलेल्याला पाणी मिळालं की तो पुढे प्रयत्न सोडतो.

बाहेरून काहीच दिसत नाही, तरीही

2006 मध्ये मेंदू-संशोधक एड्रियन ओवेन यांच्या गटाने इंग्लंडमध्ये 23 वर्षांच्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात झोपवून सांगितलं, ‘टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर.’ अपघाताला पाच महिने झाले होते आणि बाहेरून ती पूर्ण प्रतिसादहीन होती. तिच्या मेंदूत हालचालीचे बेत आखणारा भाग उजळला. ‘घरातल्या खोल्यांतून फिरते आहेस असं समज’ सांगितल्यावर जागा ओळखणारे भाग उजळले. निरोगी माणसांत उजळतात तसेच. 2010 मध्ये याच मार्गाने एका पेशंटने साध्या प्रश्नांना हो-नाही उत्तरं दिली: टेनिस म्हणजे हो, घर म्हणजे नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासात बाहेरून कोणतीही सूचना न पाळणाऱ्या 241 पेशंटपैकी 60 जणांचा, म्हणजे चौघांतल्या एकाचा मेंदू एमआरआय किंवा ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीवर) सूचना पाळताना दिसला.

ही तपासणी नेहमीच्या एमआरआय रिपोर्टमध्ये नसते. मोजक्या संशोधन केंद्रांतच होते, आणि तिथे काही दिसलं नाही म्हणजे भान नाही असंही सिद्ध होत नाही. ती उपलब्ध नसली तरी आजच पाळता येईल अशी गोष्ट एकच: पलंगापाशी उभं राहून खर्चाचं, जमिनीच्या वाटणीचं किंवा ‘हा आता गेल्यातच जमा’ असलं बोलू नये. अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगावं.

सुधारणा अडली असेल तर

पेशंट सुधारता सुधारता थांबला किंवा मागे गेला तर ‘मेंदूच तेवढा’ असं धरून बसण्याआधी काही कारणं शोधावी लागतात, कारण ती दुरुस्त होणारी असतात. मेंदूतलं पाणी साचून पोकळ्या फुगणं, हे सिटीत दिसतं आणि शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी बारीक नळी, टाकून कमी करता येतं. आतल्या आत चालणाऱ्या फिट्स, ज्यांत अंग हलत नाही. त्या फक्त ईईजीवर कळतात. सोडियम कमी होणं. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग. कवटीचा तुकडा काढलेल्या जागी खड्डा पडत चालला असेल तर त्याचाही मेंदूवर परिणाम होतो. हाड परत बसवल्यावर काही जण स्पष्ट सुधारतात. आणि औषधं: झोपेची, काही फिटची, अंगाचा ताठरपणा घालवणारी. किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर आयसीयूत दिलेलं मिडाझोलाम हे झोपेचं औषध थांबवल्यावरही काही दिवस उतरत नाही. दर भेटीला औषधांची यादी पुढे करून ‘यातलं काय कमी करता येईल?’ हे विचारायला लाजू नये.

जाणीव लवकर परतायला मदत करतं असा भक्कम पुरावा सध्या एकाच औषधाचा आहे: अमँटाडीन. 184 पेशंटवरचा तो अभ्यास 2012 मध्ये आला. डोक्याला मार लागल्यानंतर 4 ते 16 आठवड्यांच्या दरम्यान, दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅम, चार आठवडे दिल्यावर सुधारणेचा वेग वाढला. औषध बंद केल्यावर तो मंदावला. फिट येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर जपून द्यावं लागतं, म्हणून डॉक्टरांशिवाय नाही. झोपेच्या झोल्पिडेम गोळीने काही मोजके पेशंट तासाभरासाठी जागे झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांना उपयोग होत नाही. स्टेम सेलच्या नावाने लाखोंची पॅकेजं विकणाऱ्यांकडे असा पुरावा नाही. जमीन विकायच्या आधी एवढं लक्षात घ्यावं.

किती वाट पाहायची

हृदय बंद पडून वाचलेल्या पेशंटचं भाकीत पहिल्या 72 तासांत करू नये, हा आता जगभरचा नियम आहे. लांबलेल्या बेशुद्धीत अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या 28 दिवसांत ‘काहीच आशा नाही’ असं सरसकट बोलू नये. त्यांनी ‘कायमची’ हा शिक्काही काढून ‘दीर्घकालीन’ म्हणायला सुचवलं: मार लागून झालेल्या इजेत 12 महिन्यांनंतर, ऑक्सिजन तुटून झालेल्या इजेत 3 महिन्यांनंतर. इतका फरक का, ते 1994 मध्ये एकत्र केलेल्या माहितीवरून कळतं. महिनाभर प्रतिसादहीन राहिलेल्या मोठ्या माणसांपैकी मार लागलेल्यांत वर्षाअखेर 52 टक्के शुद्धीवर आले होते, इतरांत 15 टक्के. मात्र शुद्धीवर येणं आणि पूर्वीसारखं कामाला लागणं यांत मोठं अंतर असतं; बऱ्याच जणांना कायम मदत लागली.

घरी आणल्यावर

या पेशंटचा जीव बहुधा मेंदूमुळे जात नाही. न्यूमोनिया, बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि रक्तातल्या जंतुसंसर्गामुळे जातो. म्हणून रोजची कामं हाच मोठा उपचार.

नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी, आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायची. प्रत्येक वेळी नळीवरची खूण जागेवर आहे का पाहायचं. नळी सरकून फुप्फुसाकडे गेली असेल तर दुधाचा एक घासही घातक. खोकला आला, श्वास लागला तर लगेच थांबवायचं. नाचणीची पेज थंड झाली की दाट होते आणि नळी तुंबवते, म्हणून पातळ करून, बारीक गाळणीने गाळून, कोमट असतानाच द्यावी. आधी आणि नंतर 30 मिलिलिटर पाणी. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून घालू नयेत. आणि ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ (औषध हळूहळू सोडणारी) असेल ती कुटायचीच नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ नळी लागणार असेल तर पोटातून थेट जठरात जाणारी पेग नळी बसवण्याबद्दल बोलावं.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून काहीही नाही. चमचाभर चहा, प्रसादाचं दूध, तीर्थ, यानेच कित्येक पेशंट पुन्हा आयसीयूत गेले आहेत. तीर्थ ओठांना लावावं, आत सोडू नये.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीही. हवेची गादी असली तरी ते सुटत नाही. टाचा उशीवर नको, उशी पोटरीखाली घालून टाचा अधांतरी. लाल झालेली जागा बोटाने दाबून लाली गेली नाही तर बेडसोरची ती सुरुवात. डोळे नीट मिटत नसतील तर डॉक्टरांनी दिलेलं मलम, नाहीतर बुबुळ कोरडं पडून पांढरं होतं. सांधे दिवसातून दोनदा हळूहळू पूर्ण हलवायचे. एखादा सांधा अचानक गरम, सुजलेला आणि कडक वाटला तर जोर लावू नये, तिथे नवं हाड धरत असू शकतं किंवा पायात रक्ताची गाठ असू शकते. गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी असेल तर त्याच मापाची एक जादा नळी उशाशी हवी, आणि कफ ओढायचं यंत्र बॅटरीवर किंवा पायाने चालणारं. रात्री दोनला लाइट गेली की हे नसल्याचं लक्षात येतं.

आवाज, गाणी, नातवंडांचं बोलणं जरूर असावं, पण 15-20 मिनिटं, मग शांतता. दिवसभर चालू ठेवलेला टीव्ही उपयोगाचा नाही. थकलेल्या मेंदूला त्यातून काही वेगळं काढता येत नाही.

उपचार थांबवण्याचा प्रश्न

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा ऑक्सिजन तुटला. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. बातम्यांनी ‘42 वर्षे कोमात’ असं लिहिलं, पण त्यांचे डोळे उघडत, कित्येक वर्षं त्या तोंडाने मऊ अन्न घेत, आणि खोलीत गर्दी झाली की अस्वस्थ होत, असं न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी नोंदवलं. त्याच डॉक्टरांनी त्या ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण करतात असंही म्हटलं. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना भरवणं थांबवू द्यावं म्हणून केलेली याचिका फेटाळली, पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीव टिकवणारे उपचार थांबवण्याची वाट उघडली.

त्याच न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे असे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने प्रक्रिया सोपी केली. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. त्याची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. वेळ आली की रुग्णालय आधी उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं मंडळ बसवतं, मग जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ तपासतं. दोन्हींनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हाच मार्ग चालतो. मंडळाचं एकमत झालं नाही तर उच्च न्यायालयात जाता येतं. उपचार थांबले तरी वेदनाशामक, तोंडाची स्वच्छता आणि कूस बदलणं चालूच राहतं, आणि ते कोण कुठे करणार हे त्याच बैठकीत लिहून घ्यावं लागतं.